वजनाप्रमाणे डोस आणि ठरलेला डोस: पेनकिलरचा हिशेब मुलांना एक, मोठ्यांना दुसरा का?

मुलाला ताप आला, अंग दुखायला लागलं की डॉक्टर आधी त्याचं वजन करतात आणि मगच औषध लिहून देतात. मोठ्या माणसाची पाठ धरली तर मात्र वजन कुणी विचारत नाही. पाकिटावर सगळ्यांना एकच डोस छापलेला असतो. मग ४२ किलोच्या बाईला आणि ११० किलोच्या पुरुषाला तीच गोळी कशी चालते? प्रश्न रास्त आहे, पण त्यातून लोक जे अर्थ काढतात ते घातक आहेत. अंगानं भारी असलेला माणूस म्हणतो, मला एका गोळीनं काय होणार, आणि आणखी एक घेतो. किडकिडीत माणूस पाकिटावर लिहिलंय ना, म्हणून दिवसाच्या कमाल मर्यादेपर्यंत बिनधास्त जातो.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगते: मोठ्या माणसात वजन हे डोस कमी करायचं कारण असू शकतं, वाढवायचं सहसा नसतं.

मुलांच्या बाबतीत वजन महत्त्वाचं, कारण वाढत्या वयात वजनाबरोबर यकृत, किडनी, शरीरातलं पाणी सगळंच वाढत जातं. चार वर्षांची दोन मुलं घ्या. एक १३ किलोचं, दुसरं २० किलोचं असू शकतं, म्हणून नुसत्या वयावरून दिलेला डोस एकाला कमी पडतो किंवा दुसऱ्याला जास्त होतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतरानं, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. आयब्युप्रोफेन किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाही. हा गुणाकार मोठ्यांच्या डोसपाशी थांबतो. तेरा वर्षांचा मुलगा ८० किलोचा असला तरी त्याला १२०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचं नसतं.

पण मुलांमध्ये घोटाळा गुणाकारात कमी आणि बाटलीत जास्त होतो. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम द्यायचंय असं धरू. ५ मिलित १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ७.५ मिलि लागेल. ५ मिलित २५० मिलिग्रॅमवालं असेल तर ३.६ मिलि. आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स, १ मिलित १०० मिलिग्रॅमवाले, असतील तर फक्त १.८ मिलि. आता मागच्या वेळी साडेसात मिलि दिलं होतं एवढंच आईच्या लक्षात आहे आणि हातात ड्रॉप्सची बाटली आहे. पोटात जाईल ७५० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसभराचा चार वेळचा डोस एका दमात. तान्ह्यांचं औषध सौम्यच असणार असं आपण गृहीत धरतो, पण बाळाला थोडंसंच पाजता यावं म्हणून ते उलट जास्त तीव्र केलेलं असतं. अमेरिकेत याच गोंधळापायी २०११ साली उत्पादकांनी तीव्र ड्रॉप्स बंद करून ५ मिलित १६० मिलिग्रॅम हे एकच प्रमाण ठेवायचं ठरवलं. जिथे दोन-तीन प्रमाणं अजून मिळतात, तिथे मिलि पाठ करू नका. दर वेळी लेबल वाचा आणि बाटलीसोबत आलेल्या मापानंच द्या.

मोठ्यांचं गणित बदलतं, कारण वाढ पूर्ण झाल्यावर वजन आणि अवयव यांची जोडी तुटते. ७० किलोचा माणूस १०५ किलोचा झाला म्हणून त्याचं यकृत दीडपट काम करायला लागत नाही. वाढलेले किलो बहुतेक चरबीचे असतात आणि पॅरासिटामॉल चरबीत फारसं मुरत नाही. पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. पहिल्या डोसनंतर रक्तात औषध किती दिसेल हे टाकीच्या आकारावर ठरतं, पण पुढचे डोस किती आणि किती वेळानं घ्यायचे हे खालचा नळ किती वाहतो त्यावर ठरतं. तो नळ म्हणजे यकृत आणि किडनी, आणि वजनकाटा त्यांच्याबद्दल फार थोडं सांगतो. शिवाय ७० किलोच्या माणसाला १ ग्रॅम पॅरासिटामॉल म्हणजे किलोमागे साधारण १४ मिलिग्रॅम, मुलांच्याच पट्ट्यात. ठरलेला डोस मनाला येईल तसा ठरवलेला नाही.

आयब्युप्रोफेनच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. एका वेळी ४०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की वेदना कमी होण्यात फारशी भर पडत नाही. पोट, किडनी यांचा धोका मात्र वाढतच जातो. संधिवाताची सूज उतरवायला डॉक्टर दिवसाला जास्त देतात, तो त्यांच्या देखरेखीखालचा वेगळा विषय. म्हणून भारी अंगाच्या माणसाला एका गोळीनं गुण येत नसेल तर तीच गोळी वाढवण्यापेक्षा दुसऱ्या जातीचं औषध जोडता येईल का हे डॉक्टरांना विचारणं केव्हाही चांगलं.

या बाबतीत सगळ्यात बोलका नियम मला विषबाधेच्या उपचारात दिसतो. कुणी पॅरासिटामॉल जास्त घेतलं तर किलोमागे किती गेलं हे काढून धोका ठरवतात. ब्रिटनमध्ये रुग्ण ११० किलोच्या वर असेल तर हिशेबाला ११० किलोच धरायचे असा नियम आहे. १४० किलोच्या माणसाला वरच्या ३० किलोंचं संरक्षण मिळतं असं कुणी मानत नाही.

मॉर्फिनसारख्या जबर औषधात तर शस्त्रक्रियेनंतर मोठ्या माणसाला किती लागेल याचा अंदाज वजनापेक्षा वयावरून जास्त बरा येतो, वय वाढेल तसं कमी पुरतं. म्हणून ते थोडं थोडं देत, श्वासाकडे लक्ष ठेवत वाढवतात. स्थूल माणसात झोपेत श्वास अडण्याचा त्रास जास्त आढळतो, त्यामुळे इथे जास्त वजन म्हणजे जास्त जपणं.

आणि आता ज्यांचं वजन खरंच विचारायला हवं ती माणसं: ५० किलोच्या आतली. शिरेतून पॅरासिटामॉल देताना हा नियम स्पष्ट लिहिलेला असतो. ५० किलोच्या वर एका वेळी १ ग्रॅम, खाली किलोमागे १५ मिलिग्रॅम. ४० किलोला ६०० मिलिग्रॅम झाले. त्याच ४० किलोच्या आजी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे १ ग्रॅम चार वेळा घेऊ लागल्या तर दिवसाला किलोमागे १०० मिलिग्रॅम होतात. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याचा निकाल लावतं. आजारपणानं खंगलेल्या, जेवण तुटलेल्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसात हा साठाच कमी असतो. शिवाय पहिल्या दिवशी नुसती मळमळ किंवा तीही नाही. यकृत बिघडल्याचं दोन-तीन दिवसांनी कळतं. त्रास झाला तर थांबू, असं इथे म्हणता येत नाही.

तेव्हा अशा आजींना एका वेळी ५०० ची एकच गोळी, २४ तासांत चारच्या वर नाही, आणि सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असेल तर तेही त्यातच मोजायचं. यकृताचा आजार असेल किंवा जेवणच जात नसेल तर एवढीही द्यायची का, हे त्यांचं आताचं वजन सांगून डॉक्टरांना विचारा.