कॉम्प्रेशन चाचणी (अँबॅसेडरचे जुने पेट्रोल इंजिन)

सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण पुरेसे दाबले जाते की नाही, हे तपासण्याची पद्धत. दाब घटला की गाडी सकाळी लवकर चालू होत नाही, घाटात दम टाकते, उभी असताना थरथरते. कार्बुरेटर किंवा इग्निशन बिघडले तरी हेच घडते. म्हणून ट्यूनिंगवर पैसे घालवण्याआधी कॉम्प्रेशन मोजावे.

उत्तरपारा (पश्चिम बंगाल) येथील हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसेडरला अनेक वर्षे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील १४८९ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन होते. या गाडीला हँडल (पुढून घालून इंजिन हाताने फिरवण्याचा दांडा) मारता येते, हा मोठाच फायदा. इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडल सावकाश फिरवले की दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला जोर लागतो. एखाद्या वेळी ते अलगद सरकले, तर तो सिलिंडर कमजोर आहे.

प्लगच्या भोकात दाब मोजणारे गेज लावताना इंजिन गरम आणि बॅटरी पूर्ण चार्ज हवी. कॉइलची वायर काढावी, चारही प्लग काढावेत आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. ॲक्सिलरेटर दाबायचा राहिला तर हवा आत कमी येते आणि चांगले इंजिनही खराब ठरते. अशा इंजिनात साधारण ११० ते १४० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचे एकक) मिळतात. पण गेजागेजात फरक पडतो, त्यामुळे चार आकड्यांमधली तफावत अधिक बोलकी. ती १०–१५ टक्क्यांपुढे गेली की शोध घ्यावा.

कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगला चढला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत. हलला नाही तर व्हॉल्व्ह (झडप) किंवा हेड गॅस्केटवर (इंजिनाचे वरचे झाकण म्हणजे हेड, त्याखालचे पॅकिंग) संशय घ्यावा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर त्यांच्या मधली गॅस्केट जळालेली असण्याची शक्यता मोठी. याहून नेमकी खूण कॉम्प्रेसरची हवा देते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, गाडी गियरमध्ये अडवून, प्लगच्या भोकातून हवा सोडावी. ऑइल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस आली तर रिंगा, कार्बुरेटरमध्ये आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा तडकलेले हेड.

हेड उघडण्याआधी टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) जरूर तपासावी. या इंजिनाचे हेड बिडाचे असून व्हॉल्व्हच्या सीटा (मिटताना व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कडा) त्यातच कापलेल्या असतात. शिशाच्या पेट्रोलमुळे त्यांचे रक्षण होई. भारतात ते २००० साली बंद झाले. त्यामुळे आता सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटची गॅप संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. वेळीच गॅप लावली तर नुसत्या फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) दाब परत येतो. उशीर झाला तर व्हॉल्व्ह जळतो आणि सीट बदलावी लागते.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत रिंगा चिकटलेल्या असतात. अशी गाडी नवे ऑइल घालून काही दिवस रस्त्यावर चालवावी आणि मग पुन्हा मोजावे. पहिल्या आकड्यावरून बोअरिंगचे (सिलिंडर आतून कातून घेण्याचे) काम काढू नये.