खूण मधोमध, विमान मात्र खाली

23 मे 2022. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पाऊस आणि ढग. एक एअरबस ए320 उपग्रहांच्या आधाराने धावपट्टीकडे उतरत होतं. दिशा बरोबर, कॉकपिटमधल्या पडद्यावर उताराची खूणही मधोमध. तरी धावपट्टी दीडेक किलोमीटर लांब असताना विमान जमिनीपासून अवघ्या 6 फुटांवर आलं होतं. वैमानिकांनी वेळीच फेरउड्डाण केलं, म्हणून निभावलं.

उपग्रहांची यात काहीच चूक नव्हती. या पद्धतीला एलनॅव्ह-व्हीनॅव्ह म्हणतात. तिच्यात उपग्रह फक्त डावं-उजवं सांभाळतात. उंची येते वायुदाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरकडून. त्यात स्थानिक दाबाचा आकडा, म्हणजे क्यूएनएच, भरावा लागतो. नियंत्रकाने 1001ऐवजी 1011 हेक्टोपास्कल सांगितला. एका हेक्टोपास्कलला साधारण 28 फूट, म्हणजे अल्टिमीटर 280 फूट जास्त दाखवत होता. नकाशावर ‘इतक्या अंतरावर इतकी उंची’ असा पडताळ्याचा तक्ता असतो, पण तोही त्याच अल्टिमीटरवर वाचायचा. खोट्या मापाने मोजलं की हिशोब जुळणारच!

मग उंचीही उपग्रहांकडूनच का घेऊ नये? अडचण अशी की सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही. त्यामुळे उभी चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी येते. त्यात आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर, संदेशाला उशीर करतो, आणि भारतावर तो सूर्यास्तानंतर जास्तच खवळतो. यावर इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने बसवलेला उपाय म्हणजे गगन: 15 संदर्भ केंद्रं चूक मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानापर्यंत जाते. तिच्या जोरावर उंचीही उपग्रहांकडूनच घेणारा, एलपीव्ही नावाचा अ‍ॅप्रोच (उतरण्याची ठरलेली वाट) उडवता येतो. 28 एप्रिल 2022ला राजस्थानातल्या किशनगढला एटीआर-72 विमान तसं उतरवून दाखवलं गेलं.

कॉकपिटमध्ये अ‍ॅप्रोच विमानाच्या संगणकातल्या डेटाबेसमधूनच उचलायचा, वाटेवरचे बिंदू हाताने टाइप करायचे नाहीत. डेटाबेस दर 28 दिवसांनी बदलतो. आधी त्याची तारीख बघायची, मग एकेक बिंदू, शेवटची दिशा आणि उताराचा कोन नकाशाशी ताडायचा. शेवटच्या टप्प्याच्या बिंदूआधी पडद्यावर ‘एलपीव्ही’ ही अक्षरं उमटली पाहिजेत. उंचीची खात्री 50 मीटरच्या मर्यादेत देता आली नाही, तर तिथे ‘एलनॅव्ह’, म्हणजे फक्त डावं-उजवं, येऊ शकतं. तसं झालं की उताराची वाट गेली, आणि खाली यायची किमान उंचीही वाढली.

एलपीव्हीवर क्यूएनएच चुकला तरी वाट चुकत नाही. पण ‘आता उतरायचं की फेरउड्डाण’ हे ज्या उंचीवर ठरवायचं, ती वैमानिक अल्टिमीटरवरच वाचतो. ती धावपट्टीपासून 250 फूट धरली आणि पॅरिसचीच 280 फुटांची चूक असली, तर तो आकडा दिसण्याआधीच चाकं टेकलेली असतील.