माप कुणी घ्यायचं?

कोकणात गावाचे निर्णय पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या सभामंडपात होत आले. गावकी, मानकरी, गावरहाटी (देवस्थानाभोवती चालणारी गावाची परंपरागत व्यवस्था). सरकारचा संबंध यायचा तो जमीन मोजायला आणि सारा वसूल करायला. म्हणजे सरकार गावाला मोजायचं. सरकारला मोजायची गावाला सोयच नव्हती.

कायद्यातली ग्रामसभा, म्हणजे गावच्या सगळ्या मतदारांची सभा, १९५८ ची. पुढे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, पण आराखडे वरूनच खाली येत राहिले. ७३ व्या घटनादुरुस्तीने (लागू २४ एप्रिल १९९३) ग्रामसभेला घटनेत जागा दिली आणि २९ विषय पंचायतींच्या पदरात टाकले. कागदावर.

२०००-०१ मध्ये गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. गावं ईर्ष्येने झाडली गेली, समित्या गुण देऊन गेल्या. २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला. (डोंगरउताराच्या सिंधुदुर्गाला 'सपाट' म्हणणारा बहुधा करूळचा घाट चढला नसावा.) कौतुक खरंच, पण परीक्षा गावाचीच होती.

गावाने सरकारला मोजायला सुरुवात केली ती आरोग्यात. २००७ मध्ये महाराष्ट्रातल्या ज्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यांत ठाणे होता. आजचा पालघर तेव्हा त्यातच. औषधं मिळतात का, नर्सबाई पाड्यावर येतात का, डॉक्टर जागेवर असतात का, हे गावकऱ्यांनी विचारायचं आणि सेवेला शेरा द्यायचा. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तरं द्यायची. तोवर माहिती अधिकार आलेलाच होता. राज्याचा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. हातात कागद असलेल्या माणसाला उडवून लावणं जरा अवघड जातं.

नियोजनात मात्र रायगडातल्या पेणचा अनुभव वेगळा. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची का, यावर सरकारनेच शेतकऱ्यांचा कौल घेतला. निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही.

२०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडे गावात बनू लागले. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. एवढी माणसं जमवतानाही सरपंचाची दमछाक होते. गाव भरतो तो गणपतीत आणि शिमग्याला. ग्रामसभा असते १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा तारखांच्या आसपास. त्यातून चाकरमान्याचं नाव मुंबईच्या मतदारयादीत असलं, तर घर गावात असूनही तो ग्रामसभेचा सदस्य नाही. पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कामाला वर्गणी मात्र त्याच्याकडूनच येते.