वाळूघाटाचे नियोजन (महाराष्ट्र)

नदीपात्रातील वाळू आणि गोटे काढण्यासाठी सीमा आखून दिलेल्या पट्ट्याला महाराष्ट्रात वाळूघाट किंवा वाळूगट म्हणतात. कुठून किती उपसायचे, पात्राबाहेर कसे आणायचे आणि कोणत्या रस्त्याने न्यायचे, हे त्याच्या नियोजनात ठरते. कागदोपत्री सगळा भर पहिल्या प्रश्नावर असतो. गावाशी भांडण जुंपते ते मात्र बहुधा रस्त्यावरून.

साधी वाळू हे गौण खनिज, म्हणजे दगड-मुरमासारखे बांधकामाचे खनिज. 1957 च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम 15 नुसार तिचे नियम राज्ये करतात. महाराष्ट्राचे नियम 2013 चे आहेत. 5 हेक्टरपेक्षा लहान घाट पूर्वी पर्यावरण मंजुरीतून सुटत. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी ती पळवाट बंद केली. 2016 पासून जिल्हा सर्वेक्षण अहवाल, म्हणजे जिल्ह्यात कुठे किती वाळू आहे याची नोंद, आवश्यक झाला. विक्रीचे धोरण मात्र वारंवार फिरले: 2023 मध्ये शासकीय डेपोतून 600 रुपये ब्रासने (100 घनफुटांना) वाळू देण्याचा प्रयोग झाला, एप्रिल 2025 च्या धोरणाने पुन्हा ई-लिलाव आणला.

उपशाचे मूळ सूत्र असे की पावसाळ्यात नदी जेवढी वाळू आणून टाकते तेवढीच काढावी. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खोली जास्तीत जास्त 3 मीटर किंवा पाण्याच्या पातळीपर्यंत, यांपैकी जे कमी असेल ते. काठाला लागून खोदायचे नाही. पूल, बंधारा, पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून ठरलेले अंतर सोडायचे. वाळूच्या बेटाचा वरच्या प्रवाहाकडचा भाग तसाच ठेवून खालच्या बाजूने पातळ थर काढत जाणे चांगले, कारण पुढच्या पुराची वाळू त्या शिल्लक भागाच्या आडोशानेच साचते. एका जागी खड्डा घेतला तर पूर आधी तो खड्डा भरतो आणि त्याची कड वरच्या अंगाला ढासळत जाते. पुलाच्या पायाला धोका पोचतो तो असा, कधीकधी घाट पुलापासून बऱ्यापैकी लांब असूनही.

वाळू ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर, वजन साडेचार टनांच्या आसपास, आणि ओली असेल तर आणखी जास्त. दहा चाकी हायवाचे (मागून माल ओतणाऱ्या ट्रकचे) भरलेले वजन कायद्याने 28.5 टनांपर्यंत चालते. गाडीचे स्वतःचे वजन वजा जाता ती जेमतेम चार ब्रास नेऊ शकते.

आता 5 हेक्टरचा घाट धरू आणि सरासरी 1 मीटर थर. माल होतो 50,000 घनमीटर, म्हणजे साधारण 17,700 ब्रास आणि 4,400 फेऱ्या. काम 120 दिवस चालले तर रोज 37 गाड्या. पण लिलाव, मंजुरी आणि ताबा यांत हंगाम सरतो आणि हाती 60 दिवस उरले, तर रोज 74 गाड्या. जाती-येती धरून बारा तासांत दर पाच मिनिटांना एक गाडी. हा आकडा मंजुरीच्या वेळीच गावापुढे मांडायला हवा, कारण ग्रामीण रस्ता इतक्या वजनाच्या गाड्यांसाठी बांधलेला नसतो. त्यातच शाळेच्या वेळा, पाण्याची पाइपलाइन, उसाच्या गाड्या. वेगळा पोहोच रस्ता करायचा तर तो शेतांतून जातो. मग शेतकऱ्याची लेखी संमती, धुळीने खराब होणाऱ्या पिकाची भरपाई आणि रोज पाणी मारणारा टँकर, हे सगळे ठेकेदाराच्या खर्चात धरावे लागते.

काठ उतरायला दरड कापून रपटा करतात. खाणवाहतुकीत वाहतुकीच्या रस्त्याला 1:16 (16 मीटर अंतरात 1 मीटर चढ) आणि आखूड रपट्याला 1:10 पेक्षा जास्त चढ नसावा, असा दंडक आहे. घाटावर जागा आणि डिझेल वाचवण्यासाठी त्याहून उभा रपटा कापलेला दिसतो. भरलेली गाडी त्यावर घसरते आणि मग शेजारी दुसरा कापला जातो. उतरायला एक आणि चढायला एक, असे दोन रपटे आधीच आखले तर काठ कमी फुटतो. ओल्या वाळूतले पाणी पात्रातच निथळू द्यावे, नाहीतर डांबरावर दिवसभर चिखल सांडतो.

मोजणी करून घाटाच्या कोपऱ्यांवर खांब रोवतात. गाडीगणिक ऑनलाइन वाहतूक पास निघतो. विनापरवाना उपशावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 (7) व (8) खाली दंड आणि वाहन जप्तीची तरतूद आहे.

10 जून ते 30 सप्टेंबर उपसा बंद असतो. त्याआधी रपटे बुजवून काठ पूर्ववत करणे ठेकेदाराचे काम. ते राहिले तर पुराचे पाणी त्याच खाचेतून शेतात शिरते. पावसाळ्यानंतर पात्राची पुन्हा मोजणी होते. वरच्या बाजूला धरण असेल तर वाळू तिथेच अडते, आणि अशा घाटावर पुढच्या हंगामासाठी काढण्याजोगे फारसे काही उरत नाही.