ताडोबाच्या गेटवर भरलेला पैसा जातो कुठे? थोडी पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या सुट्टीत ताडोबाच्या कोअरचं (म्हणजे जंगलाच्या आतल्या, सगळ्यात जपलेल्या भागाचं) बुकिंग मिळालं नाही की लोक चिडतात, जिप्सी (सफारीच्या उघड्या गाड्या) एवढ्या कमी का सोडतात, तिकीट एवढं महाग का, आणि हा सगळा पैसा नेमका जातो कुठे. शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे. पण त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून आलं. तारू गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना गेला अशी कथा आहे, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात आसपासचे आदिवासी तिथे जत्रेला यायचे. म्हणजे हे जंगल आधी त्यांचं, मग सरकारचं, आणि पर्यटकांचं तर अगदी अलीकडचं. इथली शिकार १९३५ मध्ये बंद झाली, १९५५ मध्ये ११६ चौ. किमीचं नॅशनल पार्क झालं (तेव्हा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा मध्य प्रदेशात होता, हे आज कुणाला आठवतही नाही), १९८६ मध्ये बाजूचं अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ६२५ चौ. किमीचा व्याघ्र प्रकल्प झाला.

आता पैशाचं. १ एप्रिल १९७३ ला प्रोजेक्ट टायगर ही वाघ वाचवायची केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत महाराष्ट्रातून मेळघाट होता, ताडोबा नव्हता. या योजनेत थोडा पैसा दिल्ली देणार, थोडा राज्य देणार, आणि गेटवर जमलेलं तिकीट सरकारी तिजोरीत जमा होणार. त्यामुळे पर्यटक वाढले काय आणि घटले काय, त्या जंगलाच्या हातात त्यातलं काही पडत नव्हतं. त्यात निधी वेळेवर न येणं ही जुनीच तक्रार, आणि वणवा काही मंजुरीची वाट बघत नाही, फेब्रुवारीपासून पाचोळा वाळला की जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढायला माणसं लागतातच, पाणवठ्यावर टँकर लागतो, रोजंदारीवरच्या वनमजुराला मजुरी द्यावी लागते.

हे बदललं ते सरिस्कामुळे. राजस्थानातल्या त्या प्रकल्पात एकही वाघ उरला नाही हे २००५ मध्ये उघड झालं, देशभर गदारोळ झाला, टायगर टास्क फोर्स ही चौकशी समिती बसली, २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. त्यातून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच दुरुस्तीत प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी एक व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान, म्हणजे त्या प्रकल्पाची स्वतःची ट्रस्टसारखी संस्था, काढायची तरतूद होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच. गेटचा पैसा प्रतिष्ठानकडे राहू लागला आणि तिथल्याच जंगलावर, तिथल्याच गावांवर खर्च करता येऊ लागला.

पण याची दुसरी बाजू पण आहे, जंगल पर्यटनावर अवलंबून राहू लागलं. २४ जुलै २०१२ ला सुप्रीम कोर्टाने कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं, १६ ऑक्टोबरला बंदी उठली, आणि नव्या नियमांत कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनाला वापरायचा असं ठरलं. गाड्यांवर लिमिट का, याचं उत्तर इथे आहे, वनखात्यातल्या कुणाची ती मनमानी नाही. मग २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि गेट बंद, उत्पन्न बंद, गाईड आणि जिप्सीवाले पोरं घरी बसली. वाघाचं संरक्षण मात्र एक दिवसही थांबवता येत नव्हतं.

कोअरभोवती २०१० मध्ये अकराशे चौ. किमीचा बफर झाला. तिथे माणसं राहतात, शेती करतात, मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करतात. बफरमध्ये सफारी सुरू झाल्यावर आगरझरी, देवाडा, जुनोना अशा ठिकाणच्या पोरांना गावातच काम मिळालं, आणि २०१५ च्या जन-वन विकास योजनेतून गावांत गॅस वगैरे आला म्हणजे सरपणासाठी जंगलात जायची गरज कमी व्हावी. हे खरंच चांगलं झालं. तरी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गेटवर जिप्सीची रांग लागते नेमक्या त्याच वेळेला बाया टोपली घेऊन मोहाखाली वाकलेल्या असतात, आणि वाघ दोघांसाठी एकच असतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तर कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या कामावर पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. आपण जिप्सीतून ज्या वाघिणीचा फोटो काढायला धडपडत होतो तीच ही वाघीण. म्हणून मला वाटतं, पायी गस्त घालणाऱ्यांची सुरक्षा, रोजंदारीवाल्यांची मजुरी आणि बफरच्या गावांचा वाटा, गेटच्या पैशातून आधी हे तीन खर्च व्हायला हवेत, नवीन रस्ते आणि स्वागतकक्ष नंतर. आणि वर्षभरात किती जमा झाले, कुठल्या गावात किती गेले, हा हिशोब प्रत्येक गेटवर मराठीत मोठ्या अक्षरात लावा, सफारीच्या दरपत्रकाच्या शेजारीच.