मागाची खोली कुठल्या रकान्यात भरायची?

बेळगावच्या वडगावात मामाचं घर आहे. समोरून रुंदी १८ फूट, आत ७० फूट लांब. पडवी, माजघर, स्वयंपाकघर, त्यामागे मागाची खोली आणि शेवटी परडं. दोन यंत्रमाग बसतील एवढी ती खोली. आता तिथं एकच माग उरलाय, तोही बंद, आणि त्यावर गोधड्या वाळत घातलेल्या असतात. दिवाळीनंतर घर विकायचं ठरलं, आणि भाव बघायचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण घरात ‘कॉम्प्युटरमधला’ मीच.

पहिल्या संकेतस्थळानं विचारलं, किती बीएचके? मागाच्या खोलीला रकाना नव्हता, परड्याला नव्हता, शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीलाही नव्हता. जमेल तसं भरलं. उत्तर आलं ४८ लाख. दुसरीकडे तीच माहिती दिली, तर ७१ लाख.

मामानं कपबशी खाली ठेवली. “मोबाईल काय सांगूलाय रे?”

दोन्ही आकडे सांगितले.

“मग मधले २३ लाख कुठं गेले?”

तेवढं शोधायला मला आठवडा लागला.

या संकेतस्थळांमागच्या भाव काढणाऱ्या यंत्रांचं मूळ सूत्र आपल्याकडच्या कुठल्याही दलालाला पाठ असतं. घराचा भाव म्हणजे त्याच्या एकेका गुणाच्या भावाची बेरीज. रस्ता रुंद, इतके वाढले. कोपऱ्याचा प्लॉट, अजून थोडे. कौलारू आहे, इतके कमी. अँड्र्यू कोर्ट या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९३९ मध्ये मोटारींच्या किमती अशाच फोडून पाहिल्या होत्या आणि पद्धतीला ‘हेडॉनिक’ म्हटलं होतं, म्हणजे सुखाचा हिशेब. पुढे १९७४ मध्ये शर्विन रोझेन यांनी तिला पक्का सैद्धांतिक पाया दिला.

या पद्धतीची खरी गंमत अशी, की बाजारात सुटी मिळत नाही त्या वस्तूचाही भाव तिला काढता येतो. १९७८ साली डेव्हिड हॅरिसन आणि डॅनियल रुबिनफेल्ड यांनी बोस्टन परिसरातल्या ५०६ जनगणना विभागांमधल्या घरांच्या किमती घेतल्या आणि त्यांतून स्वच्छ हवेची किंमत काढली. हवा कुणी किलोवर विकत नाही. पण बाकी सगळं सारखं असताना कमी धुराच्या भागातल्या घराला लोक जास्त मोजतात, आणि तो फरक म्हणजेच हवेचा दर. मला लगेच आपला बळ्ळारी नाला आठवला. मोठ्या पावसात त्याचं पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात पसरतं, कधी वस्तीच्याही अंगाशी येतं. पुरेसे व्यवहार नोंदलेले असते, तर ‘नाल्यापासून १०० मीटर लांब असण्याचे’ किती पैसे, तेही काढता आलं असतं. सध्या तो हिशेब गिऱ्हाईक स्वतःच करतं. जाणतं गिऱ्हाईक इथं घर बघायला मुद्दाम जुलैत येतं.

आजची यंत्रं साध्या बेरजेवर थांबत नाहीत. बऱ्याच ठिकाणी प्रश्नांची झाडं वापरतात. रस्ता २० फुटांपेक्षा रुंद आहे का? नाही. बांधकाम ३० वर्षांपेक्षा जुनं? हो. असं खाली उतरत घर एका पानावर जाऊन बसतं, आणि त्या पानावरच्या आधीच्या विक्रींची सरासरी हा त्याचा भाव. एक झाड हट्टी असतं, म्हणून शेकडो झाडं लावून सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी काढतात. लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये ‘रँडम फॉरेस्ट’ या नावानं ही युक्ती मांडली. शेकडो झाडं असली तरी एक अडचण सुटत नाही. मागाच्या खोलीची फांदी मुळातच नसेल, तर प्रत्येक झाड मामाचं घर त्यातल्या त्यात जवळच्या पानावर, म्हणजे कुठल्या तरी जुन्या टू बीएचकेशेजारी नेऊन बसवतं.

पण २३ लाखांचं कोडं याहून साधं निघालं. दुसऱ्या संकेतस्थळाच्या नकाशावरची टाचणी मोठी करून पाहिली, तर ती पुण्यात, सिंहगड रस्त्याजवळच्या वडगाव बुद्रुकमध्ये टोचलेली! मी शहराचं नाव जुन्या इंग्रजी वळणानं ‘बेलगाम’ असं भरलं होतं. त्यांच्या यादीत फक्त ‘बेळगावी’ होतं, जे १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत आहे. शहर सापडेना म्हटल्यावर यंत्रानं आपल्या माहितीतलं सगळ्यात प्रसिद्ध वडगाव उचललं.

सीमाभागातल्या माणसाला हे नवीन नाही. आमच्या प्रत्येक गल्लीला मराठी, कानडी आणि इंग्रजी अशी तीन नावं. वडगाव-वडगावी, अनगोळ-अनगोल. आपण बोलताना सहज एकातून दुसऱ्यात जातो. यंत्राला मात्र अक्षरं मोजावी लागतात. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ मध्ये त्यासाठी एक माप दिलं. एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, तेवढं त्या दोघांतलं अंतर. रोमन लिपीत ‘बेलगाम’ची (Belgaum) सात अक्षरं, आणि तिथून ‘बेळगावी’ला (Belagavi) पोचायला तीन बदल. वडगाव (Vadgaon) ते वडगावीही (Vadagavi) तीनच. सात अक्षरांच्या नावात तीन बदल म्हणजे जवळजवळ निम्मं नाव. एवढी ढिलाई चालवली तर यंत्र भलतीच गावं एक करून टाकेल, आणि नाही चालवली तर एकाच गल्लीतले व्यवहार दोन ढिगांत विभागले जातील. मुळात व्यवहार थोडे. त्यात हे.

थोडे असण्याचा फटका मोजता येतो. सरासरीतली डळमळ व्यवहारांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. ४०० विक्रींवरून काढलेला दर ४ विक्रींवरून काढलेल्या दरापेक्षा १०० पट नव्हे, १० पट भरवशाचा. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत एकाच नकाशाचे २०० फ्लॅट असतात. वडगावच्या बोळात तीन वर्षांत चार घरं विकली जातात आणि चारांपैकी दोन भाऊबंदकीत. राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा घरांच्या किमतींचा निर्देशांक देशातल्या ५० शहरांसाठी निघतो. त्यात कर्नाटकातलं शहर एकच, बेंगळुरू.

मग नोंदणी कार्यालयातल्या किमती का वापरत नाहीत? कर्नाटकात ‘कावेरी’ या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर कुठल्याही भागाची गायडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, घरबसल्या दिसते. महाराष्ट्रात जे रेडी रेकनर, ते इकडे हे. खरेदीखतातली किंमत आणि गायडन्स व्हॅल्यू यांत जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क बसतं. ४५ लाखांच्या वर ५ टक्के, वर उपकर-अधिभार, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क २ टक्के. साहजिकच कागदावरचे आकडे गायडन्स व्हॅल्यूच्या आसपास गोळा होतात आणि उरलेलं ‘दोन नंबर’मध्ये जातं. संख्याशास्त्राच्या भाषेत ही साधी चूक नव्हे. साधी चूक कधी वर जाते, कधी खाली, आणि सरासरीत विरते. ही सदैव एकाच बाजूला जाते, त्यामुळे कितीही खरेदीखतं गोळा केली तरी धुऊन निघत नाही.

म्हणून यंत्रं जाहिरातीतल्या किमतींकडे वळतात. त्या मुबलक असतात, पण ती असते मालकाची अपेक्षा. मालक ती ठरवताना पुन्हा त्याच संकेतस्थळाकडे बघतो! आणि ही अपेक्षा बघणाऱ्याच्या डोक्यात घर करते. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसान शहरात व्यवसायातल्या दलालांना एक खरं घर फिरवून दाखवलं आणि माहितीचे कागद दिले. सगळ्यांच्या कागदांवर मजकूर तोच, फक्त मालकाची अपेक्षित किंमत वेगवेगळी. ज्यांना जास्त किंमत दिसली त्यांचा अंदाज जास्त आला. विचारल्यावर बहुतेकांनी त्या आकड्याला आपण महत्त्व दिल्याचं सांगितलंच नाही.

यंत्राचंही तेच. अमेरिकेतल्या झिलो कंपनीचा ‘झेस्टिमेट’ २००६ पासून चालू आहे. विक्रीला लावलेल्या घरांच्या अंदाजातली मधली चूक (निम्म्या घरांची चूक हिच्याहून कमी, निम्म्यांची जास्त) कंपनीच्या आकड्यांनुसार साधारण २ टक्के, न लावलेल्यांची ७ च्या आसपास. घर तेच, विटा त्याच. एकदा का मालकानं आकडा टाकला, की यंत्राला तो दिसतो. याच कंपनीनं २०१८ पासून स्वतः घरं विकत घेऊन पुन्हा विकायचा धंदा मांडला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये गुंडाळला. २०२१ च्या एकट्या तिसऱ्या तिमाहीत तिला विकत घेतलेल्या घरांची किंमत हिशेबात ३० कोटी डॉलरहून जास्त उतरवून दाखवावी लागली. मला या गोष्टीतलं एकच कलम महत्त्वाचं वाटतं. यंत्र कधी जास्त बोलतं, कधी कमी. पण जिथं कमी बोललं तिथला मालक नमस्कार करून निघून जातो. जिथं जास्त बोललं तोच सही करतो. सरासरीत बरोबर असलेलं यंत्र खरेदीला उतरलं, की नेमकी आपली महाग चूकच विकत घेतं.

फोटोंबद्दल थोडं, कारण जाहिरात मीच टाकली. मोबाईलच्या रुंद भिंगात १२० अंशांचं दृश्य मावतं. सरळ रेषा सरळच ठेवायच्या तर चित्राच्या अगदी कोपऱ्यात वस्तू बाहेरच्या दिशेनं ४ पट ताणली जाते. मामाचं माजघर त्यात मंगल कार्यालय दिसलं. मी तोच फोटो टाकला, कबूल करतो. कुणाचा असा फोटो दिसला तर भिंती बघू नका, फरश्या मोजा. दोन फुटी फरशी दोन फूटच असते.

टाचणी परत बेळगावात आणल्यावर दुसऱ्या संकेतस्थळानं नवं उत्तर दिलं, ५१ ते ६६ लाख, खाली बारीक अक्षरात ‘पुरेशी माहिती नाही’. मला ते पहिल्या दोन्ही उत्तरांपेक्षा प्रामाणिक वाटलं. मामाला नाही वाटलं. “हे तर आमचा दलालपण सांगतोय, फुकटात.”

जाहिरातीवरून अकरा फोन आले. त्यातल्या सात जणांनी आधी रस्ता किती रुंद ते विचारलं, दोघांनी ई-खाता (मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) झालाय का ते, एकानं आडनाव. गाडी आत जात नाही म्हटल्यावर बहुतेक फोन तिथंच संपले.

घर शेवटी डाव्या बाजूच्या शेजाऱ्यानं घेतलं. त्यानं जाहिरात पाहिलीसुद्धा नव्हती. एका रविवारी टेप घेऊन आला, पडवीपासून मागाच्या खोलीपर्यंत सामाईक भिंतीला हात लावत चालत गेला. त्याचंही घर १८ फुटी. भिंत पाडली की ३६. म्हणजे खाली दुचाक्या, बाजूनं जिना आणि वर दोन मुलांचे दोन मजले. १८ फुटांच्या दोन पट्ट्यांच्या बेरजेपेक्षा ३६ फुटांच्या एका जागेची किंमत जास्त असते, आणि ती जास्तीची किंमत साऱ्या बेळगावात फक्त त्या दोन शेजाऱ्यांसाठी अस्तित्वात असते. आठ दिवसांनी ६४ लाखांवर बोलणं थांबलं आणि इसार झाला.

माग अजून तिथंच आहे. तो सुटा करून दारातून बाहेर काढणारा माणूस खासबागेत एकच उरलाय, आणि तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय.