मत्स्यटाकीचा घरगुती पाइप ओव्हरफ्लो

मत्स्यटाकीतील पृष्ठभागाजवळचे पाणी, काचेला भोक न पाडता, काठावरून उचलून खालच्या गाळणटाकीत म्हणजे संपमध्ये सोडणारी आणि पीव्हीसी पाइप, एल्बो (काटकोनी वळणाचा जोड) व टी (तीन तोंडांचा जोड) जोडून घरीच तयार केलेली नळ्यांची रचना. संपमध्ये गाळलेले पाणी पंपाने पुन्हा वर चढवले जाते. टफन्ड काचेला भोक पाडू गेल्यास ती फुटून चुरा होते आणि साध्या काचेची असली तरी भरलेल्या टाकीवर ड्रिल चालवता येत नाही. अशा ठिकाणी ही रचना उपयोगी पडते.

रचनेचा गाभा म्हणजे वक्रनलिका (सायफन), म्हणजे पूर्ण भरलेली असताना पाणी काठावरून उचलून खालच्या पातळीकडे नेणारी वाकडी नळी. साधी नळी काठावर टाकली तर पंप बंद पडताच ती टाकी उपसत राहते आणि तोंड उघडे पडले की हवा ओढून निकामी होते. हे टाळण्यासाठी टाकीतील पाइपचे वर उघडे असलेले, दातेरी कापलेले तोंड पृष्ठभागापाशी ठेवतात. तेथून पाइप खाली जाऊन वळतो, वर येऊन काठ ओलांडतो, बाहेर पुन्हा खाली उतरून वळतो आणि वर चढून एका टीपर्यंत पोहोचतो. टीच्या आडव्या फाट्यातून पाणी संपकडे उतरते. बेसिनखालच्या वाकड्या पाइपप्रमाणे दोन्ही खालच्या वळणांत पाणी अडून राहते. वीज गेल्यावर टाकीतील पातळी आतील तोंडापर्यंत उतरून थांबते, आतील नळीतले पाणी बाहेरच्या टीच्या पातळीला येते आणि वक्रनलिका भरलेलीच राहते. वीज येताच प्रवाह आपोआप सुरू होतो.

टीचे वरचे तोंड मात्र उघडेच ठेवावे लागते. गळतीच्या भीतीने ते टोपण लावून बंद केले, तर संपपर्यंतचा संपूर्ण उतरता पाइप स्वतःच वक्रनलिका बनून आतील वळणातले पाणीही ओढून घेतो. नवख्याच्या हातून होणारी ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

प्रवाह आतील तोंड व टी यांच्या उंचीतील फरकावर अवलंबून असतो. 25 मिमी आतील व्यासाच्या नळीत 5 सेंमी फरकाने, कोणताही रोध नसेल तर, ताशी सुमारे 1,750 लिटर पाणी वाहू शकेल. प्रत्यक्षात एल्बोंच्या रोधामुळे त्याच्या निम्म्याहूनही कमी वाहते. तरीही पाइप जाड घेणे हा नेहमीच चांगला उपाय ठरत नाही, कारण जाड पाइपात पाण्याचा वेग मंदावतो आणि पाण्यासोबत आलेले बुडबुडे पुढे वाहून न जाता काठावरील वळणाच्या माथ्यावर साचतात. साचलेली हवा अखेर वक्रनलिका तोडते, म्हणजे तिच्यातील प्रवाह खंडित करते. म्हणून माथ्यावर बारीक भोक पाडून तेथे हवेची नळी बसवतात आणि ती एकदिशा झडपेतून एखाद्या लहान पंपाच्या शोषण बाजूला जोडतात. सुरुवातीला दोन्ही वळणे पाण्याने भरून याच नळीतून हवा ओढली की वक्रनलिका चालू होते. काठावरील सांधे हवाबंद असणे आवश्यक असल्याने ते सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवतात. टीच्या पुढचे सांधे सफाईसाठी नुसते दाबून बसवले तरी चालतात.

धोका दोन्ही बाजूंनी असतो. वीज गेल्यावर टाकीतून उतरणारे पाणी संपमध्ये मावले पाहिजे: 100 × 40 सेंमी पृष्ठभागाच्या टाकीत पातळी 3 सेंमी उतरली, तर 12 लिटर पाणी खाली येते. पंपाच्या परतीच्या नळीतूनही पाणी उलट वाहू शकते. तिला पृष्ठभागाच्या किंचित खाली छिद्र पाडले की पातळी तेथे येताच हवा शिरून तो प्रवाह तुटतो, मात्र हे छिद्र शेवाळाने बुजू देता कामा नये. याउलट वक्रनलिका तुटूनही पंप चालू राहिला, तर संपचे पाणी वर चढत राहून टाकी ओसंडते. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे पंपाच्या कप्प्यात, टाकीच्या काठाखालील मोकळ्या जागेत मावेल इतकेच पाणी ठेवणे. माशांना टाकीत सोडण्यापूर्वी पंप अनेकदा बंद-चालू करून आणि वक्रनलिका मुद्दाम तोडून दोन्ही प्रसंगांची चाचणी घेतात.